नाशिकच्या द्वारका सर्कलजवळचे सायलेन्सरवाले चाचा : ३,६०० रुपयांत माझ्या स्विफ्टचा आवाज खर्जात आला

आधी कामाचं सांगतो मग बाकीचं. मागचा डबा, म्हणजे ज्याला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो तो, नवीन टाकला १,८०० ला, पाइपचा सडलेला तुकडा बदलला ४००, लटकवायचे तीन रबर ३००, फ्लँजचं (पाइप जोडायच्या सांध्याचं) पॅकिंग १०० आणि मजुरी एक हजार. टोटल ३,६००. आणि आवाज असा आलाय की मी आजकाल रेडिओ लावतच नाही गाडीत. मोठा नाही आला, हे नीट वाचा, जाड आलाय.

गाडी २०१३ ची स्विफ्ट पेट्रोल, ११९७ सीसीचं के सिरीज इंजिन, एमएच १५ चं पासिंग, पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. मागच्या पावसाळ्यात एक दिवस सकाळी सेल मारला आणि मागून फर्रफर्र असा फाटक्या भोंग्यासारखा आवाज यायला लागला. खाली वाकून बघितलं तर डब्याच्या शिवणीवर बोट जाईल एवढं भोक. यात कंपनीचा काही दोष नाही, बारा वर्ष टिकला डबा, आणि मी वापरली कशी तर घर सिडको, ऑफिस अंबड, जेमतेम चार किलोमीटर. हे कारण मला नंतर चाचांनी समजावलं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोलमागे साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. लांब पळणाऱ्या गाडीचा डबा तापतो आणि वाफ निघून जाते, आपल्यासारख्यांची गाडी डबा तापायच्या आतच पार्किंगला लागते आणि ते पाणी आतच साचून राहतं, वर त्यात धुराचं आम्ल मिसळतं, म्हणून डबा आतून खात येतो आणि बाहेरून शेवटच्या दिवसापर्यंत चांगला दिसतो. सकाळी मागून पाणी टपकतं ते बघून घाबरणारे खूप आहेत, ते टपकणं चांगलंच आहे, न टपकता आत राहणं वाईट.

तर सर्व्हिस सेंटरला विचारलं (नाव लिहीत नाही), डबा आणि पाइप एकत्रच येतो म्हणाले, लेबर धरून अकरा हजारांच्या पुढे. बारा वर्षांच्या गाडीला एवढे घालायचे माझ्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. मला पहिल्यापासून या इंजिनाचा आवाज आवडतो, फिरायला एकदम मोकळं इंजिन आहे, पण कंपनीच्या डब्यातून ते शिलाई मशीनसारखं ऐकू येतं. म्हणलं डबा बदलायचाच आहे तर जरा चांगला आवाज येईल असा टाकू.

आणि इथे चुकलो. ऑनलाइन एक युनिव्हर्सल सायलेन्सर मागवला २,२०० चा, चकचकीत, मागे बर्न केल्यासारखी निळी टिप, आणि एका अॅक्सेसरीजच्या दुकानात ८०० देऊन बसवून घेतला. पहिले दोन दिवस भारी वाटलं. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन त्र्यंबकला निघालो, सातपूर ओलांडून गाडी ऐंशी-नव्वदला लागली आणि आत घुमायला लागलं. आवाज बाहेर कमी आणि आतच जास्त, कानात बोटं घातल्यासारखा दाब, ऊंऊंऊं असा एकसारखा. आई मागे बसली होती, अंजनेरीपर्यंत काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "बाळा, गाडी कण्हतीये रे, तिला काहीतरी होतंय." येताना मी साठच्या वर गेलोच नाही.

हे घुमणं का होतं ते आता कळतं. चार सिलेंडरच्या इंजिनात क्रँक एकदा फिरला की दोन स्फोट होतात. २,७०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला ४५ फेरे, म्हणजे ९० धक्के. नव्वद हर्ट्झचा तो जाड सूर गाडीच्या आतल्या हवेला आणि फ्लोअरच्या पत्र्याला बरोब्बर सापडतो आणि अख्खी केबिन तबल्याच्या डग्ग्यासारखी वाजायला लागते. कंपनीच्या डब्यात आत कप्पे असतात, नळ्यांतून धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात, परत उलटा, असा वळवून वळवून नेलेला असतो आणि त्यात हे जाड सूर एकमेकांवर आपटून मरतात. स्वस्तातल्या आखूड सरळ डब्यात मधून एक भोकंवाली नळी आणि बाजूला थोडी ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची लोकर), ती वूल बारीक तीक्ष्ण आवाज खाते, जाड आवाज तसाच पुढे जातो. वर वूलही बेकार असेल तर तीही महिनाभरात उडून जाते आणि मग पत्र्याचा डबा बडवल्यासारखा चर्रर्र आवाज. माझं दोन्ही झालं. तीन हजार पाण्यात.

मग ऑफिसातल्या एका मित्राने चाचांचं सांगितलं. द्वारकेवरून सारडा सर्कलकडे जाताना जी गॅरेज आणि स्पेअर पार्टची दुकानं आहेत ना, तिथे आतल्या गल्लीत एक पत्र्याची शेड. नाव वगैरे काही नाही, पत्र्यावर पांढऱ्या पेंटने 'सायलेन्सर रेडिएटर काम' एवढंच. दारात जुने डबे एकावर एक रचलेले, त्यातून ओळखायचं. चाचा साठीच्या पुढचे, अस्सल नाशिकचे, मराठी आपल्यासारखीच बोलतात, आणि कमी बोलतात.

मी गाडी लावली आणि सुरू झालो, चाचा असा बेस पाहिजे, तसा थ्रो पाहिजे, मोबाइलवर व्हिडिओ दाखवायला लागलो. त्यांनी व्हिडिओ बघितलाच नाही. गाडी सुरू करायला लावली, मागे उकिडवे बसले, हाताचा पंजा टिपसमोर धरला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "दादा, गॅस दे हळूहळू. सोड. परत दे." दोन-तीन वेळा. मग उठून म्हणाले, "डबा मेलाय आणि मधल्या पाइपालाही लिकेज आहे. तुला आवाज पाहिजे का गोंगाट पाहिजे ते आधी सांग, गोंगाट माझ्याकडे होत नाही."

मला हा माणूस तिथेच पटला.

मग गाडी खड्ड्यावर घेतली. लाकडी हातोडीने पुढून मागे ठोकत गेले, मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळ्यांच्या, खालून सुरुवात. चांगल्या पाइपावर टण् वाजतं, सडलेल्या जागेवर थब् असं बसकं वाजतं, मी शेजारी उभा राहून ऐकलं, फरक कोणालाही कळेल. मधला छोटा डबा, रेझोनेटर, चांगला निघाला. मी विचारलं हा काढून सरळ पाइप टाकला तर आवाज खुलेल ना. म्हणाले, "हाच तर घुमणं धरून ठेवतो, याला हात लावायचा नाही. आणि पुढचा कॅटपण नाही." कॅट म्हणजे कॅटालिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. तो काढून देतो म्हणणारे शहरात आहेत, त्यांच्या नादी लागू नका, विषारी धूर थेट रस्त्यावर, पीयूसीला लफडं, चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, आणि आत जे प्लॅटिनम-पॅलेडियम असतं ते विकून तो माणूस तुमच्याच गाडीवर कमावतो.

आता बसवलं काय ते सांगतो. चाचांनी आतून एक अंडाकृती लांब डबा काढला, माझ्या ऑनलाइनवाल्याच्या दीडपट तरी लांब. एका बाजूची टोपी अजून वेल्ड केलेली नव्हती, म्हणून आतलं दिसत होतं. मधून पूर्ण लांबीची जाळीची नळी, तिच्याभोवती आधी स्टीलच्या तारेची लोकर घट्ट गुंडाळलेली आणि तिच्यावर ग्लासवूल दाबून दाबून भरलेली. ती स्टीलची लोकर का, तर गरम धुराचा झोत थेट ग्लासवूलवर आला की तिचे धागे तुटून जाळीतून उडून जातात, मध्ये स्टील असलं की वूल टिकते. मग त्यांनी माझा २,२०० वाला डबा ग्राइंडरने माझ्यासमोर उभा चिरला. आत एका कोपऱ्यात मूठभर काळी वूल आणि बाकी पोकळ. चमक सगळी बाहेरून होती. ते बघून वाईट वाटलं, पैशांचं कमी, आईला त्या गाडीत पन्नास किलोमीटर बसवलं त्याचं जास्त.

मी चुंबक लावून बघितलं तर नव्या डब्याला चिकटलं. विचारलं, हे स्टेनलेस नाही का? तर त्यांनी स्वच्छ सांगितलं की ३०४ नाहीये, ३०४ ला चुंबक जवळपास धरत नाही आणि त्याचा नुसता डबाच साडेतीन हजारांच्या पुढे जाईल. हे ४०९, कंपन्याही गाडीखाली बहुतेक हेच ग्रेड वापरतात, वरून गंजाचा तांबूस थर येतो पण लवकर भोक पडत नाही. तेव्हा चुंबक चिकटलं म्हणजे फसवलं असं समजू नका, पण ३०४ चे पैसे घेऊन चिकटलं तर जरूर भांडा.

वेल्डिंग करायच्या आधी पोराला सांगून बॅटरीची मायनस वायर काढली. ही गोष्ट त्या अॅक्सेसरीजवाल्याने केलीच नव्हती, वेल्डिंगचा करंट ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, घुसला तर किती हजारांना पडेल याचा विचारच करवत नाही. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते म्हणून त्या बाजूला ओलं गोणपाट टाकलं, गाडीवर फक्त दोन-तीन टिपके मारून माप धरलं आणि मग सगळं खाली उतरवून बाहेर टेबलावर आर्गनने पूर्ण वेल्ड केलं. डब्याच्या खालच्या बाजूला, सगळ्यात सखल जागी, दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक पाडलं, पाणी निघायला. मी म्हणलं भोकातून आवाज येईल, म्हणाले एवढ्यातून काही येत नाही, कंपनीच्या डब्यालाही असतं. परत बसवल्यावर मला आणि त्यांच्या पोराला डिकीत बसवलं आणि गाडी हलवून बघितली, मागचा एक्सल वर येतो तेव्हा पाइपाला घासतो का. एका ठिकाणी बोटभरच जागा राहत होती तर हँगर परत काढून वाकवला. हे कोणी बघणार नव्हतं, मलाही कळलं नसतं. घासलं असतं ते पुढच्या महिन्यात, गाडीत चार माणसं बसल्यावर.

शेवटी लिकेज टेस्ट. इंजिन सुरू, टिपमध्ये ओल्या फडक्याचा बोळा दाबून धरला. सांधे टाइट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडायला येतं, लिकेज असेल तर कुठून तरी फुस्स ऐकू येतं. एका सांध्याला बारीक फुस्स आलं, साबणाचं पाणी टाकल्यावर बुडबुडे दिसले, परत खाली उतरवलं आणि परत वेल्ड केलं. मी म्हणलं चाचा एवढं चालतंय हो, संध्याकाळ झालीये. तर पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाले, "पोरंबाळं बसतात ना मागे? त्या वायूला वास नसतो." कार्बन मोनॉक्साइडचं बोलत होते. मी गप्प बसलो. आवाजाच्या नादात आपण सगळे हे विसरतो, डिकीखालचं लिकेज म्हणजे तो वायू फटीतून, बुचांच्या भोकांतून केबिनमध्ये येऊ शकतो, आणि झोप आल्यासारखं वाटतं एवढंच कळतं.

आता आवाज. चालू करताना छोटी डरकाळी, मग आयडलला जवळपास कंपनीसारखाच शांत, फक्त खाली एक हलकी धुगधुग. दोन हजारांपर्यंत काही वेगळं नाही. तीन हजारांच्या पुढे पेडल दाबलं की मागून भरदार, गोल आवाज वर चढत जातो, चार-साडेचार हजाराला गायकाने आ लावावा तसा मोकळा. कर्कशपणा नाही, फटफट नाही, गॅस सोडल्यावर फुटत नाही. ८०-९० ला पाचव्या गिअरमध्ये थोडंसं घुमणं आहे, आहे ते आहे म्हणून सांगतो, पण काचा बंद असताना शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. समृद्धीवर इगतपुरीच्या पुढे तो जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे ना, तिथे मुद्दाम काचा खाली करून तिसऱ्या गिअरला घेतली. भिंतीवरून परत येणारा तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. बारा वर्ष हेच इंजिन माझ्या पायाखाली होतं आणि मी त्याला पहिल्यांदा नीट ऐकत होतो.

पॉवर वाढली का, हे सगळेच विचारतात. नाही. निव्वळ मागचा डबा बदलून या इंजिनात जाणवण्यासारखं काही वाढत नाही, अॅव्हरेजही आधी होतं तेवढंच आहे. कोणी पाच-दहा बीएचपी वाढते म्हणत असेल तर सोडून द्या.

कायद्याचं पण बोलायला पाहिजे कारण गंगापूर रोडला संध्याकाळी गाड्यांच्या आवाजाचं जे चालतं ते मला अजिबात आवडत नाही. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि आवाज-धुराचे नियम मोडले तर पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. नवीन कार कंपनीतून निघताना तिच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. म्हणून डबा असा घ्या की तो सडलेल्या डब्याची जागा घेतो, सायलेन्सर काढून टाकल्यासारखा वाजत नाही. द्वारकेच्या सिग्नलला गर्दीत हवालदारासमोर चार वेळा उभा राहिलोय, एकाने मान वळवून बघितलं नाही, आमच्या सोसायटीत रात्री अकराला गाडी आणतो तेव्हा वॉचमनही उठत नाही. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या आजूबाजूला शंभर मीटरपर्यंत तर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, तिथे चांगला आवाजही नकोच. आणि गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काही करू नका, थांबा.

चाचांच्या दुकानाच्या तक्रारी पण आहेत. दोन तास सांगितले, सकाळी अकराला लावलेली गाडी संध्याकाळी सहाला मिळाली. मध्ये दोन रिक्षा आणि एक छोटा हत्ती आधी केला त्यांनी, कारण त्यांची रोजी थांबते म्हणाले, ते पटलं पण सांगायला हवं होतं. बसायला जागा नाही, उन्हाळ्यात शेडमध्ये भट्टी होते, जवळपास मिसळ खाऊन, सारडा सर्कलपर्यंत दोन चकरा मारून वेळ काढला. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर आकडे लिहून देतात. क्यूआर कोड आहे. टिप दिसायला साधीच आहे, मागून बघणाऱ्याला काही वेगळं केलंय हे कळणारही नाही, मला ते आवडलं, ज्यांना दाखवायचंय त्यांना नाही आवडणार. शुक्रवारी दुपारी नमाजाला बंद असतं. आणि महिन्याभराने फ्लँजचा एक नट ढिला होऊन टिकटिक वाजायला लागलं, तेव्हा गेलो तर हातातलं काम सोडून खाली शिरले, स्प्रिंग वॉशर टाकून आवळला, पैसे विचारले तर हात हलवला फक्त.

जाणार असाल तर मंगळवार-बुधवार सकाळी दहाच्या आधी जा, इंजिन थंड असताना, म्हणजे थांबावं लागत नाही आणि पहिला नंबर लागतो. रबर स्वतःच्या गाडीचे ओरिजिनल घेऊन गेलात तर अजून बरं, त्यांच्याकडचे थोडे कडक आहेत, माझा एक तडकायला लागलाय. आणि आईला परवा त्र्यंबकला घेऊन गेलो होतो याच गाडीतून. सातपूर गेलं, नव्वदला लागली, मी आरशातून बघत होतो. पिंपळगाव बहुल्याच्या आसपास ती झोपली ती थेट त्र्यंबकच्या पार्किंगमध्येच उठली.